ऱ्हाइनच्या धारेत माझं वल्हं

सन २००७. माझं वय एकाहत्तर. शिक्षण चौथी, म्हणजे परीक्षेला बसलो होतो. निकाल आणायला गेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको की या माणसाला लिहायला कुणी सांगितलं. कुणी नाही सांगितलं. जर्मनीहून परत आल्यापासून गावात जो तो विचारतो, "अण्णा, काय काय बघितलंत? राजवाडा बघितलात का?" बघितला. पिवळा आहे. आता नदीचं ऐका.

माझी मुलगी प्रज्ञा कार्ल्सरूहेला असते. तिथल्या विद्यापीठात ती संशोधन करते, कसलं ते तिने मला तीनदा सांगितलं. जावई मिलिंदराव कॉम्प्युटरवाले. दोघं सकाळी आठला घराबाहेर पडायची आणि मी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. समोर ट्राम. ती वेळेवर येते, वेळेवर जाते, आत कुणी बोलत नाही. चार दिवस बघितली. पाचव्या दिवशी मी खाली उतरलो.

तळमजल्यावर एक म्हातारा अंगणात वर्तमानपत्र पसरून बसला होता. कागदावर चमचे. खायचे नव्हेत, बोटभर लांबीचे, पितळेचे नि चांदीसारखे, मधे जरा वाकवलेले, एका टोकाला गळ. तो एकेक चमचा फडक्याने चमकवत होता. मी न विचारता समोर बसलो नि एक चमचा उचलला. बाक कमी होता. मी मान हलवली आणि दोन्ही अंगठ्यांनी वाकवायची खूण केली. त्याने माझ्याकडे बघितलं, चमचा हातातून काढून घेतला, आणि तिथेच वाकवला.

हा केसलर. वय चौऱ्याहत्तर, जन्मभर लेथवर काम केलेला, बायको वारलेली. संध्याकाळी प्रज्ञाला मधे बसवून त्याची कहाणी काढून घेतली. ऱ्हाइनवर त्याची स्वतःची होडी आहे. चमचा दोरीला लावून होडीमागून ओढत न्यायचा, म्हणजे मोठ्या माशाला वाटतं जखमी बारका मासा पळतोय. पण त्याच्या मासेमारी मंडळाचा नियम असा की त्या पट्ट्यात इंजिन लावून गळ ओढायचा नाही. वल्ह्यावर चालतं. आणि याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. दोन वर्षं होडी पालथी पडून.

"मी मारतो वल्हं," मी म्हटलं.

"बाबा!" प्रज्ञा.

"काय बाबा? सांग त्याला. चाळीस वर्षं वाशिष्ठीच्या खाडीत लोकांना पल्याड नेणारी तर चालवली म्हणावं. पूल झाला म्हणून थांबलो. हात थांबले नाहीत."

"अहो बाबा, ही ऱ्हाइन आहे. मोठी मोठी जहाजं जातात तिच्यातनं."

"मग काय, खाडी म्हणजे आंघोळीचं घंगाळ होतं?"

मिलिंदराव नेहमीप्रमाणे समजुतीने, मधे जर्मन 'आल्झो', म्हणजे 'तर', घालत बोलले. "मामा, आल्झो, प्रश्न तुमच्या ताकदीचा नाहीये. इथे कार्ड नसेल तर मासे धरता येत नाहीत. तीस तासांचा क्लास, मग लेखी परीक्षा. गळाला हात लावलात तर गुन्हा आहे. पोलीस, व्हिसा, सगळं होतं."

मी नऊ वर्षांचा असल्यापासून मासे धरतोय. माझी परीक्षा घ्यायला कोण बसणार होतं तिथे, तेवढं बघायची इच्छा झाली. पण मी म्हटलं, "ठीक. गळाला हात लावणार नाही. वल्ह्याला कार्ड लागतं का?"

प्रज्ञाने विचारलं. केसलर बराच वेळ विचार करून म्हणाला, "नाइन." म्हणजे नाही.

पहिल्या तीन फेऱ्या

होडी हलकी, पत्र्याची, आमच्या होडीच्या निम्मी. वल्ही मात्र चांगली. केसलरने मला एक फुगीर लाल जाकीट घालायला दिलं. मी म्हटलं मला पोहता येतं. त्याने जाकीट धरून ठेवलं. मी हात मागे बांधले. अर्धा तास काठावर उभे. शेवटी मी जाकीट घातलं आणि बूट काढले. हवा गार होती, त्याला ते आवडलं नाही, पण मी बूट घालून वल्हं मारत नाही. असे बरोबरीत सुटलो.

तुम्ही ती नदी बघितलेली नाही म्हणून सांगतो. रुंदीला आमच्या खाडीपेक्षा कमी, पण ओढ जबर. आणि भरती-सुकती काही नाही. दिवसरात्र एकाच दिशेला पळते. मला पहिल्यांदा हेच विचित्र वाटलं, की ही नदी परत फिरतच नाही. दोन्ही काठांवरून दगडी बांध नदीत आडवे घातलेले, म्हणजे पाणी मधे राहावं आणि जहाजांना खोली मिळावी. दोन बांधांच्या मधे पाणी निवांत असतं. तिथून वर चढायचं.

केसलरची पद्धत शाळेतल्या मास्तरासारखी. चमचा आधी होडीच्या बाजूला धरून बघायचा, नीट डोलतो का. मग दोरी सोडायची, माझी तीस वल्ही होतील तेवढी. दोन काठ्या, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. काठीचं टोक सारखं थरथरत राहिलं पाहिजे. थरथर थांबली की समजायचं गळाला शेवाळ लागलं. हे सगळं मला पटलं. पण होडी कशी न्यायची? बांधांच्या आडोशाने, निवांत पाण्यातून, वरच्या दिशेने, एका चालीने आणि सरळ. मी जरा वळण घेतलं की मागून आवाज यायचा, "गेराडे!" सरळ!

आता मासा काय रस्त्याने चाललेला असतो?

आमच्याकडे जिताडा असाच धरतात. लोकांना पल्याड सोडताना मी मागे गळ सोडून ठेवायचो, दोरी पायाच्या अंगठ्याला. हात वल्ह्यावर, डोळे लोकांवर, आणि पाय माशावर. मासा सरळ पळणाऱ्याला खात नाही. जो अडखळला, त्याला खातो. होडी वळवली की आतल्या बाजूची दोरी ढिली पडते, तो गळ खाली जातो. बाहेरच्या बाजूची ताणते, तो वर येतो. कुठल्या गळाला तोंड लागलं त्यावरून कळतं की मासे त्या दिवशी तळाला आहेत की वर. हे मला कुणी शिकवलं नाही. अंगठ्यावरचे वळ अजून आहेत, कुणाला बघायचे तर बघा.

आणि निवांत पाण्यात मोठा मासा नसतोच. तो असतो पळणारं पाणी आणि निवांत पाणी जिथे घासतात त्या रेघेवर. तिथे होडीचं तोंड धारेकडे करायचं आणि धारेपेक्षा जरा कमी जोराने वल्हं मारायचं. म्हणजे तुम्ही जीव खाऊन पुढे मारताय आणि होडी हळूहळू मागे सरकतेय. गळ मागे धारेत लटकलेला, पाणीच त्याला नाचवतं. सुकतीला आम्ही हेच करत होतो. केसलर मात्र खाली उतरताना दोऱ्या गुंडाळून घ्यायचा. मी हातवारे करून समजावलं. तो म्हणाला, "क्वाच." घरी येऊन अर्थ विचारला. प्रज्ञा म्हणाली, "बाबा, म्हणजे, अं, त्यांना पटलं नाही." मिलिंदराव हसले, तेव्हा खरा अर्थ कळला: बकवास.

तीन फेऱ्या झाल्या. मासा नाही.

मधल्या एका रविवारी केसलर आमच्याकडे जेवायला आला. त्यानेच फ्रीजरमधला मोठा मासा आणून दिला होता. ते लोक तो लोण्यात परततात आणि उकडलेल्या बटाट्याबरोबर खातात, मीठही भीतभीत. प्रज्ञाने आपल्या पद्धतीने केलं, आमसुलं, तिरफळं घालून. तिरफळ चावायचं नसतं हे सांगायचं राहून गेलं. केसलरची जीभ बधिर झाली. तो उठून उभा राहिला, तोंडात बोट घालून बघायला लागला. प्रज्ञा घाबरून "काही होत नाही, काही होत नाही" म्हणत पाणी आणायला धावली. पाच मिनिटांनी तो बसला, आणि ताटातली उरलेली तिरफळं रुमालात बांधून घरी घेऊन गेला.

जेवताना एक गोष्ट त्याने सांगितली. त्याचे आजोबा याच नदीत सामन मासा धरायचे. समुद्रातून नदीत चढणारा, चांदीच्या रंगाचा. आपल्या रावसासारखा समजा, पण वेगळा. मग कारखाने आले, नदी घाण झाली, सामन संपला. आता पाणी सुधारलंय, सरकार लहान पिल्लं आणून सोडतं, काही मोठी होऊन परत येतात म्हणे. केसलरने एकही बघितला नव्हता. चौऱ्याहत्तर वर्षं या नदीच्या काठावर राहून.

मला त्या दिवसापासून झोपेतही तो मासा दिसायला लागला.

शनिवार

चौथ्या फेरीला मी एक दोरी बरोबर नेली. टोकाला शिशाचं वजन, गळ नाही. नदीचा तळ मला माहीत नव्हता आणि तळ माहीत नसताना होडी चालवायची म्हणजे डोळे बांधून चालणं. दोरी अंगठ्याला बांधली की कळतं: चिखल असेल तर वजन गप्प सरकतं, रेती असेल तर खरखरतं, दगड असेल तर ठोके देतं. मला गळाच्या काठीला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. मी हात लावला नव्हता. पायाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

वर चढत शेवटच्या बांधापर्यंत आलो तर बांधावर एक माणूस. हिरवं जाकीट, गळ्यात दुर्बीण. हात करून बोलावलं. केसलरचा चेहरा उतरला. हा नदीचा राखणदार, कार्ड तपासणारा. केसलरने खिशातून कार्ड काढलं, एक छोटी वही काढली. धरलेला प्रत्येक मासा त्यात लिहावा लागतो आणि वर्षाच्या शेवटी वही मंडळात द्यावी लागते. राखणदाराने सगळं बघितलं. मग माझ्या पायाकडे बघितलं. पायापासून पाण्यात गेलेल्या दोरीकडे बघितलं.

केसलरनेही तेव्हाच बघितली ती. तोपर्यंत तो माझ्याकडे पाठ करून मागच्या काठ्यांकडे बघत बसलेला होता ना.

ते दोघं बोलायला लागले, भराभर. मग केसलरने मोबाईल लावून माझ्या कानाला दिला. प्रज्ञा रडकुंडीला आली होती. "बाबा, काय केलंत? ते म्हणतायत पाण्यात दोरी म्हणजे विनाकार्ड मासेमारी. केसलरांचंही कार्ड जाईल, त्यांनी तुम्हाला करू दिलं म्हणून. होडीची जागा जाईल त्यांची!"

"गळ नाही दोरीला."

"ते म्हणतायत, त्यांना बघून तुम्ही कापला असेल."

हे ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. मी फोन केसलरला दिला, दोरी वर ओढली, वजन राखणदाराच्या तळहातावर ठेवलं. गाठ बघ म्हटलं, मराठीतच. जुनी गाठ, घट्ट, कुठे कापलेलं टोक नाही. त्याने गाठ नखाने उचकटून बघितली. मी दोरी त्याच्या बोटाला गुंडाळली, वजन पाण्यात सोडलं, आणि हळूच ओढून दाखवलं. चिखल. रेती. मग टक्, टक्. दगड. त्याच्या भुवया वर गेल्या. तोही मासेवाला असणार. नुसता कागदवाला असता तर त्याला काही कळलं नसतं.

त्याची गाडी खाली, आमच्या होडीच्या धक्क्याशीच होती. तो म्हणाला, खाली गेल्यावर कागद लिहितो, आणि होडीत येऊन पुढे बसला.

केसलर दोऱ्या गुंडाळायला लागला. मी वल्ही थांबवली.

"नाइन," मी म्हटलं. मला येणाऱ्या चार शब्दांपैकी एक. काठ्यांकडे बोट केलं, मग धारेच्या रेघेकडे.

"क्वाच," केसलर.

"तुझा क्वाच ठेव तुझ्याकडे. आज होडीतला शेवटचा दिवस आहे माझा, कागद होणारच आहे. एकदा माझ्या पद्धतीने."

राखणदाराने केसलरला काहीतरी विचारलं, केसलरने खांदे उडवले, एकच खांदा उडाला, आणि दोन्ही चमचे पाण्यात गेले.

मी होडीचं तोंड धारेकडे केलं. तेवढ्यात एक लांबलचक मालवाहू जहाज वर गेलं. असं जहाज जाताना दोन बांधांमधलं पाणी आधी ओढून घेतं, काठ उघडा पडतो, आणि मग सगळं पाणी परत आत येतं. बारके मासे गोंधळतात. मी त्याचीच वाट बघत होतो. पाणी परत फिरलं तसा मी रेघेवर आलो आणि सरकायला लागलो. पाच वल्ही डावीकडे, पाच उजवीकडे. पाठीमागून "गेराडे!" आला. माझा कान त्या बाजूचा बंद असतो कधी कधी. उजव्या वळणाला मी वल्हं अर्धं मारून थांबवलं. आतल्या बाजूचा चमचा खाली गेला असणार, एक, दोन, मग मी जोरात ओढ दिली.

उजवी काठी पाण्यापर्यंत वाकली.

केसलर ओरडला नाही. तो काठी धरून बसला आणि त्याचं तोंड उघडं राहिलं. मासा धारेत गेला, परत आला, एकदा पूर्ण बाहेर उडाला. तिघांनीही बघितला. राखणदार उठून उभा राहिला, होडी हलली, मी त्याला मराठीत शिवी दिली, तो बसला. किती वेळ गेला सांगता येत नाही. केसलरचा डावा हात चालत होता, उजवा नुसता लटकलेला. मासा बाजूला आला तेव्हा राखणदाराने वाकून बघितलं. पाठीच्या शेवटी मांसाचा छोटासा पर असतो, तो बघितला, शेपटीचं मूळ बघितलं.

"लाख्स," तो म्हणाला. सामन.

मी म्हटलं, "घ्या वर!"

कुणी वर घेईना. राखणदाराने बाह्या वर करून हात पाण्यात भिजवले, पाण्यातच गळ काढला आणि माशाला तोंड धारेकडे करून धरून ठेवलं. मला कळलं. सोडणार होते. या माशाला कायद्याने हात लावायचा नाही, पिशवीत घालायचा तर नाहीच. मी दोन महिने त्या घरात बर्फातले मासे खात होतो आणि हातभर लांबीचा ताजा मासा सोडणार होते! मी बोललो. जेवढं बोलता येतं तेवढं बोललो. हा कढीत जायचा मासा आहे म्हटलं. पटलेलं नाही मला, आजही नाही.

पण बोलताना हात चालू होते. मासा दमला होता, त्याला शुद्धीवर यायला स्थिर होडी हवी होती, आणि बाकी दोघांचे हात रिकामे नव्हते. धारेएवढंच वल्हं मारायचं, ना जास्त ना कमी. पुढे सरकलो तर मासा होडीखाली जाईल, मागे सरकलो तर त्याच्या कल्ल्यात उलटं पाणी शिरेल. समोर बांधावरचा एक पांढरा दगड धरला डोळ्यांनी आणि तो हलू दिला नाही. छातीत भाता चालू. पायाखाली पाणी साचलेलं, बर्फासारखं. केसलर त्या माशाकडे बघत होता आणि त्याच्या नाकातून पाणी गळत होतं, पुसतही नव्हता. मग मासा एकदा हलला, दोनदा, आणि राखणदाराचे हात रिकामे झाले.

धक्क्यावर राखणदाराने कागद काढला. दोन कागद होते. एक सामन दिसल्याचा. ते लोक अशी नोंद ठेवतात. त्यावर धरणाऱ्याचं नाव: केसलर. केसलरने माझ्याकडे बोट केलं. "एर," म्हणाला. हा. राखणदाराने मान हलवली. परत फोन लागला, प्रज्ञा मधे.

"बाबा, ते म्हणतायत, तुमचं नाव लिहिलं तर तुम्ही होडीत होता हे लिहावं लागेल. होता म्हटलं की दोरीचंही लिहावं लागेल, दुसरा कागद भरावा लागेल. ते म्हणतायत, तुमचा पाय त्यांनी बघितलाच नाही असं धरतील. पण मग तुम्हालाही बघितलं नाही."

"लिही म्हणावं. दोन्ही लिही."

"बाबा, प्लीज."

तुम्हाला वाटेल म्हाताऱ्याने हट्ट सोडायला हवा होता. आमच्या तरीचा ठेका चाळीस वर्षं दुसऱ्याच्या नावावर होता. ज्यांना आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांना आमचं वल्हं चालायचं. पल्याड उतरले की पाठ फिरवून चालते व्हायचे. कुणी विचारलं की आज खाडी तापली होती, कोणी आणलं तुम्हाला, तर सांगायचे, ठेकेदाराच्या होडीने आलो. मी ते ऐकलेलं आहे. वल्हं हातात असताना ऐकलेलं आहे.

केसलर माझ्याकडे बघत होता. त्याचं कार्ड, त्याची होडी, धक्क्यावरची जागा, सगळं त्या दुसऱ्या कागदावर होतं. तो मला "नको" म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी भांडलो असतो. तो गप्प उभा राहिला, म्हणून मी फोनमध्ये म्हटलं, "सांग त्याला. नाही बघितलं तर नाही बघितलं."

राखणदाराने दुसरा कागद घडी करून खिशात घातला. जाताना माझ्यासमोर थांबला, हात पुढे केला. मी दिला नाही. ज्याला बघितलंच नाही त्याच्याशी हात कसला मिळवायचा?

रात्रीचं जेवण झालं, प्रज्ञा म्हणाली, "बरं केलंत बाबा." मी उठून बाल्कनीत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तळमजल्यावर जाऊन केसलरची बेल वाजवली. तो अंगावर लांब झगा घालून दारात आला. मी खिशाची खूण केली, वहीची खूण केली. त्याने वही आणून दिली. कालच्या तारखेखाली त्याने लिहिलं होतं, मला वाचता येत नव्हतं पण एकच नाव होतं ते कळत होतं. मी त्याच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो, त्याचंच पेन घेतलं, आणि त्या ओळीखाली मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं: वल्हं दौलत गंगाराम गमरे, वाशिष्ठी खाडी. पायाला दोरी होती. गळ नव्हता. मग वही त्याच्यासमोर सरकवली. त्याने ती वाचता येत असल्यासारखी शेवटपर्यंत बघितली आणि शाई वाळेपर्यंत उघडी ठेवली.